जाणत्या वाटाड्यासोबत नगर हवेलीचा एक दिवस

मुंबईहून किंवा सुरतेहून सिल्वासाला येणारा प्रवासी बहुधा शनिवारी दुपारी येतो, दादऱ्याच्या वनगंगा उद्यानातील तळ्यात घटकाभर नाव फिरवतो, रात्री एखाद्या रिसॉर्टमध्ये मुक्काम करतो, रविवारी दुधनीपर्यंत मोटार नेऊन जलाशयाची छायाचित्रे घेतो आणि संध्याकाळी वापीहून परतीची गाडी पकडतो. आणि एवढे सारे पाहूनही या मुलखाविषयी त्याला कोणी विचारले, तर झाडी पुष्कळ आहे आणि पाणी सुंदर आहे, यापलीकडे त्याच्याजवळ सांगण्याजोगे फारसे काही नसते. त्याच्या रसिकतेला मी बोल लावणार नाही. ज्या प्रदेशात जमिनीची मालकी, पाण्याची वाट आणि राज्यकर्त्यांचा अंमल ही तिन्ही गेल्या अडीचशे वर्षांत पुनःपुन्हा पालटली, तो प्रदेश मोटारीच्या काचेतून उलगडत नाही. तो सांगणारा जाणता माणूस दिवसभर शेजारी असावा लागतो. असा माणूस कसा शोधावा, त्याच्याशी काय ठरवावे आणि त्या एका दिवसात काय पाहावे व काय निर्धाराने सोडावे, याविषयी काही सूचना येथे करावयाच्या आहेत.

मुलाबाळांकडे हॉलंडला जाऊन आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांना अशा दिवसाचा अनुभव आहे. ॲम्स्टरडॅमहून खाजगी मोटार आणि वाटाड्या ठरवून ही मंडळी तिथला ग्रामीण भाग आणि पवनचक्क्या पाहून येतात. किंडरडाइक या गावी कालव्यांच्या काठी एकोणीस पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत, त्यांतील बहुतेक १७४० च्या सुमाराच्या आहेत, आणि १९९७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. वाटाड्या नसेल तर हे एक देखणे चित्र होय. परंतु त्या गावचा माणूस बरोबर असला म्हणजे कळते की या चक्क्या पीठ दळण्यासाठी बांधलेल्या नसून सखल जमिनीत साचणारे पाणी उपसून वरच्या पातळीवर चढवण्यासाठी, म्हणजे शेते बुडू नयेत म्हणून बांधलेल्या आहेत. आणि चक्कीची पाती कोणत्या स्थितीत थांबवली आहेत, यावरून त्या घरी आनंदाचा प्रसंग आहे की शोकाचा, हे पूर्वी दूरवरच्या शेजाऱ्यांना समजत असे. तिथल्या लोकांनी पाणी हटवून जमीन मिळवली. नगर हवेलीत जमीन पाण्याला द्यावी लागली. दुधनीच्या काठी उभे राहून हे जो सांगू शकेल, तोच आपला वाटाड्या.

तो कोठे मिळेल? वापी स्थानकाबाहेरचे मोटारचालक रस्ते उत्तम जाणतात, परंतु त्यांपैकी अनेक कारखानदारीच्या निमित्ताने बाहेरून येऊन स्थायिक झालेले असल्यामुळे रस्त्यापलीकडच्या शेताविषयी त्यांना विचारणे हा त्यांच्यावरच अन्याय होईल. म्हणून मोटार आणि वाटाड्या ही दोन स्वतंत्र कामे समजावीत आणि वाटाड्याचा शोध निदान आठवडाभर आधी सुरू करावा. खानवेलच्या बाजूला मुक्कामाची सोय ज्यांच्याकडे ठरवली असेल त्यांना, सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयातील कर्मचाऱ्यांना, किंवा एखाद्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत विचारले असता नावे मिळतात. माझी पसंती निवृत्त शाळामास्तरांना आहे. वारली किंवा कोकणा घरात जन्मलेला, स्वतः भातशेती करणारा आणि गावागावांतून बदल्या होत गेलेला मास्तर हा या प्रदेशाचा चालताबोलता दप्तरखाना असतो. शिवाय इथल्या वारली बोलीचे मराठीशी निकटचे नाते असल्यामुळे आणि मराठी माध्यमाच्या शाळाही या भागात असल्यामुळे त्याच्याशी संवाद साधताना मराठी प्रवाशाला अडचण पडत नाही.

फोनवर ठरवतानाच त्याला दोन-तीन प्रश्न विचारावेत. यंदा तुमच्या शेतावर राब कोणत्या महिन्यात भाजला, तारपा कोणत्या दिवसांत वाजवतात, आणि जलाशयाखाली कोणकोणती गावे गेली. जो माणूस या प्रश्नांना उत्तर देताना बोलण्यात रमतो, त्याला लगेच ठरवावे; जो केवळ ‘सगळे पॉइंट दाखवतो’ असे सांगतो, त्याचे आभार मानून दुसरीकडे चौकशी करावी. वयाने मोठा माणूस मिळाला तर त्याला मास्तर, काका किंवा बाबा म्हणावे, अहोजाहो करावे, आणि मोटारीत पुढची जागा त्याला न देता कुटुंबातील ज्या व्यक्तीला सर्वांत जास्त प्रश्न पडतात तिच्या शेजारची जागा द्यावी. मंडळी दोन मोटारी लागतील एवढी असतील तर दोन स्वतंत्र दिवस काढणे बरे. वाटाड्या एकाच मोटारीत बसू शकतो आणि दुसरीतील मंडळींचा दिवस नुसता त्या मोटारीच्या मागे जाण्यात खर्ची पडतो.

मोटारीचा करार मात्र नीट लेखी करावा, निदान संदेशाने तरी. निघण्याची व परतण्याची वेळ, किती किलोमीटरपर्यंतचे भाडे, त्यापुढचा दर, थांबण्याचे तास धरले आहेत की नाहीत, चालकाचे जेवण कोणाकडे, हा तपशील आधी स्पष्ट झाला म्हणजे संध्याकाळी घासाघीस होत नाही. सिल्वासाहून खानवेल सुमारे २० किलोमीटर आणि दुधनी सुमारे ४० किलोमीटर आहे. अंतरे लहान असल्यामुळे चालक एका दिवसात दहा ठिकाणे दाखवण्याचा आग्रह धरील, आणि तो आग्रह नम्रपणे परंतु ठामपणे मोडून काढला पाहिजे. सबंध दादरा नगर हवेलीचे क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा प्रदेशात धावपळ करण्याचे प्रयोजनच नाही.

ऋतूचा विचार थोडा विस्ताराने करावयास हवा, कारण येथे निसर्गापेक्षा शेतीच्या कामावरून ऋतू ओळखावा लागतो. आषाढ-श्रावणात आवणी चालते. गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बायकांच्या ओळी खाचरांतून दिसतात, ओढे भरलेले असतात, रानभाज्या ताटात येतात, पण घाटातील रस्ते निसरडे होतात आणि जलाशयातील नौका अनेकदा बंद ठेवाव्या लागतात. फाल्गुन-चैत्रात माळ करपलेला असतो. तरीही मोहाची फुले पहाटे वेचणारी कुटुंबे, पुढच्या पिकाच्या रोपांसाठी पालापाचोळा व शेण पसरून भाजलेल्या राबाचे काळे चौकोन, आणि होळीच्या आधीचे दिवस यांमुळे अभ्यासू प्रवाशाला तो काळही मोलाचा वाटेल. परंतु पहिल्यांदाच येणाऱ्याने कार्तिक निवडावा. भात कापून झालेले किंवा होत असलेले असते, खळी सारवलेली असतात, नागली आणि उडीद अजून उतारांवर उभे असतात, हवा निवळलेली असते, आणि नव्या धान्याच्या आनंदात वाड्यापाड्यांवर तारपा ऐकू येण्याचा संभव याच सुमारास सर्वाधिक असतो. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून केलेले हे लांब वाद्य श्वास न तोडता वाजवणारा वादक मध्यभागी, आणि हातात हात गुंफून त्याच्याभोवती वळणाऱ्या स्त्री-पुरुषांची साखळी, ही गोष्ट पाहावयास मिळाली तर भाग्य समजावे. पैसे देऊन भर दुपारी आपल्यासाठी नाच करवून घेण्याची मागणी मात्र वाटाड्याकडे करू नये. एखादे पथक बाहेर कार्यक्रम करीत असेल आणि गावच्या संमतीने येत असेल, तर त्याची बिदागी आधी ठरवून बोलावण्यास हरकत नाही.

दिवसाचा क्रम सांगतो. सिल्वासाहून उजाडताच निघावे. याचे कारण सूर्योदयाच्या शोभेहून अधिक व्यवहारी आहे: रखोली आणि मसाट या बाजूंच्या कारखान्यांच्या पाळ्या बदलू लागल्या व मालमोटारी रस्त्यावर आल्या, की पहिल्या दहा किलोमीटरलाच तास जातो. पण हा टापू डोळे मिटून ओलांडण्यासारखा नाही. करसवलतींमुळे सूत, प्लॅस्टिक आणि इतर मालाचे कारखाने इथे आले, देशाच्या सर्व भागांतून कामगार आले, आणि पाड्यांवरची तरुण मंडळी भल्या सकाळी ज्या दिशेने सायकली व मोटारसायकली हाकताना दिसतात ती हीच. तेव्हा वाटाड्याला त्याच्या गावातील किती मुले शेतात राहिली आणि किती कारखान्यात गेली, हा प्रश्न येथेच विचारावा.

पुढे दमणगंगा भेटते. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीत उगम पावून सुमारे १३१ किलोमीटर वाहत दमण येथे समुद्राला मिळणारी ही नदी या प्रदेशाची खरी धनीण आहे. तिच्यावर गुजरातच्या हद्दीत मधुबन येथे धरण बांधले गेले. गुजरात आणि केंद्रशासित प्रदेश यांचा तो संयुक्त प्रकल्प होता, आणि त्याच्या पाण्याचा फुगवटा नगर हवेलीच्या दऱ्यांतून दुधनीपर्यंत पसरला. खानवेलला साकरतोड नदीच्या काठी चहा घेऊन सागाच्या रानातून वळणे घेत दुधनीला आठच्या सुमारास पोहोचलात, तर पाणी निश्चल असते, टेकड्यांची बेटे त्यात स्वच्छ उमटलेली असतात, आणि सहलींच्या मोटारी अजून यावयाच्या असतात.

येथे घाई करू नये. नौकेत बसावे, तिचे भाडे मोटारीच्या भाड्याहून वेगळे असते, ते ठरवताना सर्वांना पुरतील एवढी जीवरक्षक जाकिटे आहेत याची खात्री करावी आणि लहान मुलांना ती घातल्याशिवाय चढवू नये. मग वाटाड्याला हात करून दाखवावयास सांगावे की कोणत्या टेकडीच्या पायथ्याशी कोणते गाव होते, शेते कोठे होती, पूर्वीची पायवाट कोठून जात होती, आणि तिथली माणसे उठून कोठे गेली. ज्या पाण्यावर पारडी-उंबरगावची शेती, वापी-सिल्वासाचे कारखाने आणि दमणचे नळ अवलंबून आहेत, त्यासाठी या दऱ्यांतील कुटुंबांनी आपली खाचरे आणि देवस्थाने सोडली. ज्याच्या घरातून हे घडले असा माणूस ते सांगताना पुष्कळदा थांबतो. त्या वेळी प्रवाशानेही कॅमेरा खाली ठेवून थांबावे. माझ्या मते सबंध दिवसातील सर्वांत मोलाचा वेळ हाच, आणि त्यासाठी बाकीची दोन ठिकाणे गाळावी लागली तरी ती गाळावीत.

परतताना एखाद्या वारली पाड्यावर जावे, पण वाटाड्याची तिथे ओळख असेल तरच आणि त्याने आधी निरोप धाडला असेल तरच. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, आत धान्याच्या कणग्या आणि वर माळ्यावर टांगलेली पुढच्या वर्षीची बी-बियाणी, ही घराची रचना बाहेरूनच पाहावी आणि आत बोलावले तर पायताण काढून जावे. सिल्वासाच्या रिसॉर्टांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठासारख्या पांढऱ्या रंगात काढलेल्या आकृती प्रवाशाने पाहिलेल्या असतात. त्या शोभेच्या आहेत. लग्नघरात सुवासिनी जो चौक लिहितात आणि ज्यात पालघट देवी बसते, ते पूजास्थान आहे, आणि त्याचे छायाचित्र घरच्या वडीलधाऱ्यांना विचारल्यावाचून घेणे शिष्टसंमत नाही. ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेणारे जिव्या सोमा म्हशे हे येथून दूर नसलेल्या डहाणू तालुक्यातील गंजाडचे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. एखादे चित्र विकत घ्यावयाचे असेल तर ते काढणाऱ्याच्या हातूनच घ्यावे व भाव पाडू नये. मुलांना पैसे किंवा चॉकलेटे वाटू नयेत. त्याने पुढच्या प्रवाशाच्या मोटारीमागे धावण्याची सवय लागते, आणि ती सवय आपण लावलेली असते.

जेवण शक्य तर वाटाड्याच्या घरीच सांगावे. तांदळाची किंवा नागलीची भाकर, उडदाची डाळ, खुरासणीची चटणी, मिळाले तर नदीचे मासे. आदल्या दिवशी माणसांची संख्या कळवावी, आणि ऐनवेळी ती वाढवू नये. पाट्यावर वाटण करणाऱ्या गृहिणीला तो मोठा भार होतो.

जेवणानंतरचे दोन तास मुले बरोबर आहेत की नाहीत यावर सोडावेत. मुले असतील तर परतीच्या वाटेवर दपाडाजवळ सातमालियाचे हरणांचे अभयारण्य आणि वासोणा येथील सिंहांचे उद्यान आहे. साप्ताहिक सुटीचा दिवस आधी विचारून घ्यावा. मुले नसतील तर बिंद्राबीनच्या ताडकेश्वर महादेवाच्या आवारात बसून वाटाड्याकडून जमिनीची हकीकत ऐकावी. पोर्तुगीज अमदानीत ‘अलवारा’ नावाच्या सनदांनी मोठमोठे जमिनीचे तुकडे बाहेरच्या धनिकांना लागवडीच्या अटीवर दिले गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणारे तिच्यावर कुळे किंवा मजूर झाले. हा बंदोबस्त मोडण्यासाठी १९७१ चा जमीन सुधारणा विनियम यावा लागला. शेजारच्या तलासरी-उंबरगाव भागात १९४५ साली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्या लढ्याचे पडसाद ही सरहद्द ओलांडून आले असणार, हे नकाशा पाहिला तरी ध्यानात येते.

चारच्या आत सिल्वासाला परतून आदिवासी संग्रहालय पाहावे. पुष्कळजण ते सकाळी पाहावे असे सुचवतात. मला ते पटत नाही. सकाळी तिथली मासे पकडण्याची साधने, दागिने, मुखवटे आणि वाद्ये या काचेमागच्या वस्तू असतात. दुपारी पाड्यावरून आल्यावर त्यांतल्या निम्म्या वस्तू ज्या हातात पाहिल्या ते हात आठवतात.

तेथून वापीकडे निघावे, कारण या प्रदेशाचा राजकीय इतिहास सांगण्यास त्या रस्त्यासारखी जागा नाही. सिल्वासा सोडून थोडे गेले की नगर हवेली संपते, गुजरातचा एक चिंचोळा पट्टा लागतो, आणि मग पुन्हा केंद्रशासित प्रदेशाचा दादरा. मोटारीला हे अंतर काही मिनिटांचे. परंतु १९५४ साली याच पट्ट्याने एका साम्राज्याचा अंमल तोडला. १७७९ साली पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी केलेल्या तहान्वये आणि १७८३ व १७८५ च्या सनदांन्वये सालिना बारा हजार रुपये उत्पन्नाची ही गावे त्यांच्याकडे गेली. एकशे सत्तर वर्षांनी, २२ जुलै १९५४ च्या सुमारास फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या स्वयंसेवकांनी दादऱ्याचे ठाणे घेतले. पाठोपाठ नरोली सुटली. आणि २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी सिल्वासा घेतले. त्या तुकड्यांत राजा वाकणकर, नाना काजरेकर, विश्वनाथ लवंदे होते, आणि ज्यांची गाणी घरोघर ऐकली जातात ते सुधीर फडकेही होते. पोर्तुगीजांना दमणहून कुमक धाडावयाची तर वाट भारताच्या हद्दीतून, आणि भारताने ती दिली नाही.

म्हणून पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हॉलंडमधील हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद दाखल केली. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि भारताने नेमलेले तदर्थ न्यायमूर्ती म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे महमदअली करीम छागला त्या पीठावर बसले. मराठ्यांच्या सनदा तिथे तपासल्या गेल्या, आणि त्यांनी पोर्तुगीजांना जहागीर किंवा सरंजाम या नात्याने महसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे, असा अभिप्राय न्यायालयाने दिला. ते सार्वभौमत्व पुढे ब्रिटिशांनी व्यवहारात मान्य केले, हेही नमूद केले. १२ एप्रिल १९६० च्या निकालानुसार खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नव्हते. तोपर्यंत या मुलखाचा कारभार इथली वरिष्ठ पंचायत पाहत होती. ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो भारतात विधिवत विलीन झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवशी जोडला गेला. हॉलंडला पवनचक्क्या पाहावयास जाणाऱ्या मराठी माणसाने हेगचा शांतिप्रासाद बाहेरून तरी पाहून यावे. आपल्या दप्तरांतल्या मोडी अक्षरांचा अर्थ जगातील सर्वोच्च न्यायासनापुढे तिथे लागला आहे.

एक कायदेशीर सूचना राहिली, आणि ती गंभीरपणे घ्यावी. या प्रदेशात मद्यविक्रीस परवानगी आहे, परंतु वापीच्या वाटेवर लागणाऱ्या गुजरातच्या हद्दीत दारूबंदी आहे आणि मध्येमध्ये तपासणी होते. एकही बाटली मोटारीत ठेवून सरहद्द ओलांडू नये, आणि चालकाकडेही तशी काही वस्तू नाही हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. ज्यांना वापीची गर्दी टाळून ठाण्याकडे जावयाचे आहे त्यांना खानवेलहून उधवामार्गे तलासरीला निघणारा रस्ता आहे. तसे करावयाचे असल्यास दिवसाचा क्रम उलटा धरून सकाळी आधी दादरा व सिल्वासा आटोपावे. वापीहून गाडी असेल तर सुटण्याच्या वेळेआधी दीड तास तरी सिल्वासा सोडावे.

वाटाड्याला मात्र स्थानकापर्यंत ओढून नेऊ नये. त्याला त्याच्या गावाच्या फाट्यावर किंवा सिल्वासाच्या बसस्थानकावर उतरवून त्याची घरी परतण्याची सोय आपण पाहावी. ठरलेली रक्कम तिथेच हातात द्यावी, चालकामार्फत देऊ नये. आणि जेवण त्याच्या घरी झाले असेल, तर त्याचे पैसे निराळ्या पाकिटात घालून दुपारी निघतानाच ज्या माउलीने रांधले तिच्या हाती दिलेले असावेत.